दोन दिवसांचं रिसर्च वर्कशॉप, १५०० रुपये आणि माझा कापलेला एक मार्क

आधी पैशाचं सांगून टाकते, कारण ग्रुपवर सगळ्यांनी तेच विचारलंय. १५०० रुपये फी, शनिवार-रविवार दोन दिवस, टिळकवाडीत तिसऱ्या गेटच्या अलीकडं एक हॉल आहे तिथं, जेवण-चहा त्यातच धरून. विषय होता नर्सिंगमधला रिसर्च तपासून कसा वाचायचा, आणि उदाहरणाला घेतलेले पेपर सगळे ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह नर्सना आणि पेशंटना समजावून सांगण्यावरचे. ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी, आपण शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं की पुढं मला बोलता येईनासं झालं आणि बरं व्हायची आशाच नसली तर मला व्हेंटिलेटरवर ठेवायचं का नाही, आणि माझ्या वतीनं कुणी बोलायचं. बातम्यांत त्याला लिव्हिंग विल म्हणतात.

संस्थेचं नाव लिहीत नाही, थोडं बरं लिहिणार आहे थोडं वाईट, आणि बेळगाव केवढं ते, उद्या त्याच हॉलात कुणाच्या तरी साखरपुड्याला जावं लागणार.

मी येळ्ळूरची, आयसीयूत १४ वर्षं. रिसर्चशी माझा संबंध म्हणजे कॉलेजच्या पोरी थीसिससाठी वॉर्डात येतात, ऐन ड्युटीत हातात ३० प्रश्नांचा कागद देतात, "मॅडम पटकन भरा की वो", मग आम्ही सलाईनची बाटली बदलत बदलत एकमेकींचं बघून टिक मारतो, आठ दिवसांनी परत तोच कागद घेऊन त्या हजर. तो कागद पुढं जाऊन काय होतो ह्याचा कधी विचारच केला नव्हता. क्रेडिट अवर, म्हणजे ट्रेनिंगला बसल्याचे नर्सच्या नावावर जमा होणारे तास, मिळतात म्हणून फी भरली, खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवसाची सकाळ वाया गेली असंच धरा. दहाची वेळ, सुरू व्हायला सव्वा अकरा, समई, हार-तुरे, पाहुण्यांची भाषणं, एक भाषण कन्नडात एक इंग्लिशात आणि मराठीत फक्त आभार. मग २० मार्कांची प्री-टेस्ट. मला ९ पडले. नंतर एका मॅडमनी स्लाइडवरचं जसंच्या तसं वाचून दाखवलं, तो कुठला पुरावा किती भक्कम ते दाखवणारा पिरॅमिड, सगळ्यात वर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून घेतलेला आढावा, खाली एक्स्पर्टचं मत, आणि मध्येच लाईट गेली तेव्हा अख्ख्या हॉलनं सुटकेचा श्वास सोडला. एक चांगलं झालं, रिसर्च पेपर तपासायच्या कास्प आणि जेबीआय ह्या दोन्हीच्या चेकलिस्टच्या झेरॉक्स हातात मिळाल्या. जेबीआय म्हणजे ऑस्ट्रेलियात ॲडलेडला आहे ती संस्था, ह्या याद्या नेटवर फुकट मिळतात, तरी कागदावर असल्या की पेन्सिल चालवता येते. जेवणात चपाती, मसालेभात, सांबार आणि कुंदा. कुंद्याला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि कुंद्याच्या बाबतीत आम्ही बेळगाववाले सहजासहजी पास करत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

दुपारी जे सर आले तिथून पैसे वसूल व्हायला लागले. आले, माईक बाजूला ठेवला आणि सगळ्यांना चार पानांचा एक पेपर वाटला. शीर्षक वाचूनच हॉल हसला: 'निवडक हॉस्पिटलांतील स्टाफ नर्सेसच्या ॲडव्हान्स डायरेक्टिव्हविषयीच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता तपासण्यासाठी केलेला अभ्यास'. आमच्यातल्या निम्म्या जणींनी असल्याच शीर्षकाची थीसिस केलेली, फक्त त्या जागी कुणाचं स्तनपान, कुणाचं हात धुणं, कुणाचं इन्सुलिन. सरांनी आधीच सांगून टाकलं की हा पेपर मी घरी बसून रचलाय, आकडे सगळे खोटे, कुणाला झोंबायला नको. ६० नर्स, ३० प्रश्न, शिकवायच्या आधी सरासरी ११, सातव्या दिवशी तोच कागद परत दिला तर सरासरी २३, टी व्हॅल्यू, म्हणजे फरक किती ठळक ते सांगणारा आकडा, ही एवढी थोरली, पी व्हॅल्यू ०.०५ च्या कितीतरी खाली, निष्कर्ष काय तर कार्यक्रम अत्यंत प्रभावी.

"बोला, कुठं चुकलंय?"

पाच मिनिटं कुणी हूं का चूं नाही. मग गोकाकचा एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणाला, सर कंट्रोल ग्रुप नाही. आम्हाला वाटलं झालं, बरोबर उत्तर, पुढं चला. सर म्हणाले, "नाही तर नाही, बिघडलं काय? पुस्तकातलं नको, तुमच्या भाषेत सांगा." तिथं खरी गंमत सुरू झाली, कारण शब्द सगळ्यांना पाठ होते, पण त्याचा अर्थ काय ते कुणालाच धड सांगता येईना. शेवटी निपाणीच्या एक सिस्टर म्हणाल्या, समजा त्याच आठवड्यात टीव्हीवर लिव्हिंग विलची बातमी आली, किंवा हॉस्पिटलनंच सर्क्युलर काढलं, तर शिकवलं नसतं तरी मार्क वाढलेच असते, दुसरा न शिकवलेला गट शेजारी असल्याशिवाय कशामुळं वाढले ते कसं कळणार. बरोबर. मग एकेक निघायला लागलं. तोच कागद दोनदा दिला की पहिल्या वेळचे प्रश्न डोक्यात राहतात, माणूस घरी जाऊन गुगल करतो, त्यात शिकवणीचं काय कर्तृत्व. शिकवणारी तीच, पेपर काढणारी तीच, तपासणारी पण तीच. ६० जणी आल्या त्या कोण, तर ज्यांना यायला जमलं त्या, नाईटवाल्या आणि ज्यांना कंटाळा आला त्या कुठंच मोजलेल्या नाहीत. आणि पी व्हॅल्यूबद्दल सर जे बोलले ते मी चेकलिस्टच्या मागं लिहून घेतलं: वाढ निव्वळ योगायोगानं दिसणं अवघड आहे एवढंच ती सांगते, वाढ कशानं झाली आणि ती कुणाच्या कामाची, हे तिच्या बापाला पण माहीत नसतं.

मग त्यांनी फळ्यावर चार पायऱ्या काढल्या. किर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन माणसानं १९५९ मध्ये मांडलेल्या, कुठलंही ट्रेनिंग तपासायला वापरतात. आवडलं का, कळलं का, केलं का, आणि त्यानं शेवटी फरक पडला का. आमचा ६० नर्सचा पेपर दुसऱ्या पायरीवरच बसकण मारून राहिलेला. कळलं का एवढंच विचारलंय. शिकल्यावर एका तरी नर्सनं एका तरी पेशंटला विचारलं का, ते कुठंच नाही.

ह्या ठिकाणी मी जरा गप्प झाले, कारण मला एक पेशंट आठवला. खानापूरकडचे आजोबा, सीओपीडी म्हणजे फुफ्फुसाचा जुना दमेकरी आजार, आले तेव्हा बोलत होते, मास्क काढून चहा मागत होते. दुसऱ्या रात्री घशात ट्यूब घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. त्यानंतर १९ दिवस. एक मुलगा पुण्याला, एक गोव्याला, एक इथंच, तिघांचं तीन तऱ्हेचं म्हणणं आणि तिघं पण रडत मलाच विचारूलालेत, "सिस्टर, आमच्या बाबांना काय पायजे हुतं ओ?" त्या १९ दिवसांत आमचं ज्ञान ३० पैकी ११ होतं का २३, काय फरक पडला असता, पहिल्या दिवशी तो माणूस चांगला बोलत असताना त्याला कुणी विचारलंच नाही, डॉक्टरांनी नाही आणि मी पण नाही.

दुसरा दिवस वेळेत सुरू झाला, बहुतेक पाहुणे नव्हते म्हणून. आज खरे पेपर. पहिला सपोर्ट नावाचा अमेरिकेतला अभ्यास, जामा ह्या तिथल्या मेडिकल जर्नलमध्ये १९९५ ला आलेला. पाच टीचिंग हॉस्पिटलं, आधी ४३०१ गंभीर पेशंट नुसते बघितले, तर कळलं की ज्यांना सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून परत चालू करायचा प्रयत्न, नको होता त्यांच्या डॉक्टरांपैकी निम्म्यांना सुद्धा ते माहीत नव्हतं, ४७ टक्क्यांनाच माहीत. मग दुसऱ्या टप्प्यात ४८०४ पेशंट, डॉक्टरांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले, एका बाजूला खास ट्रेनिंग दिलेल्या नर्स, ज्यांचं कामच हे की पेशंटशी बोला, घरच्यांशी बोला, डॉक्टरांपर्यंत पोचवा. आम्ही सगळे नर्सच, त्यामुळं आम्हाला वाटलं आता बघा कसा फरक पडतो. काही नाही पडला. सीपीआर करू नका ही ऑर्डर लिहायची वेळ तीच, मरायच्या आधीचे आयसीयूतले दिवस तेवढेच, दुखणं तेवढंच. हॉलमध्ये चांगलीच शांतता.

चिक्कोडीची एक ट्यूटर म्हणाली मग हे शिकवायचं तरी कशाला. सरांनी लगेच उत्तर दिलं नाही, दुसरा पेपर काढायला लावला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचा, २०१० ला बीएमजे ह्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेला, ८० आणि त्यावरच्या वयाचे ३०९ पेशंट, दोन गट, एका गटाशी ट्रेनिंग घेतलेल्या माणसांनी नीट बसून बोलणं केलं, घरच्यांना बरोबर घेऊन, काय ठरलं ते लिहून. सहा महिन्यांत ५६ जण वारले. त्यातल्या बोलणं झालेल्या गटात २९ पैकी २५ जणांची इच्छा काय ती माहीत होती आणि पाळली गेली, दुसऱ्या गटात २७ पैकी ८. घरच्यांचं नैराश्य, ताण पण कमी.

आता ह्यात कुठलं खरं? मला आवडलं ते हे की सरांनी निकाल दिला नाही, टेबलावर वाद लावून दिला. आमच्या टेबलावरून निघालं ते असं: मेलबर्नवाल्यांनी बरोबर जागी मोजलं, मार्क नाही मोजले, माणूस गेला तेव्हा त्याच्या मनासारखं झालं का ते मोजलं. पण शेवटी हिशेब ५६ जणांवर, एकाच हॉस्पिटलात, आणि पेशंट वयानं म्हातारे पण शुद्धीत असलेले. सपोर्टवाल्यांचे पेशंट आधीच गंभीर, आणि तिथं नर्सनी निरोप पोचवला तरी पुढं ऑर्डर डॉक्टरच्याच हातात. गोकाकचा ब्रदर म्हणाला, "नर्सला शिकवून काय हुतंय सर, राउंडला डॉक्टर ऐकायला थांबायला पायजे न्हवं." टाळ्या.

जेवणाआधीचा एक तास भाषेवर होता, खरं तर शेड्यूलमध्ये तो 'टूल व्हॅलिडिटी', म्हणजे प्रश्नपत्रिका जे मोजायचं तेच मोजते का, असा छापलेला आणि मी तेव्हा बाहेर पळून जाणार होते. सरांच्या नकली पेपरची प्रश्नपत्रिका मराठीत पण केलेली, त्यात ॲडव्हान्स डायरेक्टिव्हला 'आगाऊ निर्देश'. खानापूरच्या सिस्टर म्हणाल्या, "आगाऊ म्हटलं की एक तर पगाराची उचल, नायतर शेजारचं कार्टं." हसून हसून पुरेवाट. मग दुसरा शब्द 'इच्छापत्र'. गावात इच्छापत्र म्हणालात की पोरं उतारा काढायला पळतात, म्हातारा शेत कुणाच्या नावानं करूलालाय ते बघायला. कन्नडातल्या उयिलु शब्दाचं पण तसंच, असं चिक्कोडीची सांगत होती. म्हणजे पेशंटनं 'इच्छापत्राबद्दल माहिती आहे' ह्यावर हो म्हटलं तर ते हो नक्की कशाला? म्हणून भाषांतर झालं की दुसऱ्याच माणसाकडून परत मूळ भाषेत उलटं करून घ्यायचं, आणि दहा-पंधरा जणांना विचारून बघायचं की तुम्हाला ह्यातून काय कळलं. सीमाभागात तर हे दोन-दोनदा करायला पाहिजे, एकाच वॉर्डात एका कॉटवर मराठी, शेजारी कन्नड, पलीकडं उर्दू.

अजून एक गोष्ट निपाणीच्या सिस्टरांनी काढली, ती कुठल्या चेकलिस्टमध्ये नव्हती. पेपरात ॲटिट्यूडचे पण प्रश्न होते, आणि 'शेवटपर्यंत सगळी सेवा करत राहावी' ह्याला होय म्हटलं की ते निगेटिव्ह ॲटिट्यूडमध्ये मोजायचं. त्या म्हणाल्या, अरुणा शानबाग आपल्यातलीच, उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची, मुंबईच्या केईएममध्ये नर्स होती, १९७३ च्या हल्ल्यात मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळली, तेव्हापासून २०१५ ला जाईपर्यंत ४२ वर्षं त्याच हॉस्पिटलच्या नर्सनी तिला जपलं, दयामरणाच्या अर्जाला विरोध केला, २०११ ला सुप्रीम कोर्टानं तो अर्ज फेटाळला आणि त्या नर्सची वाखाणणी पण केली. त्या सगळ्यांना हा कागद दिला तर नापास करणार का? सरांनी मान्य केलं की प्रश्न वाईट आहे, पण मला वाटतं त्यांनी इथं थोडं घाईत गुंडाळलं. अरुणा काय म्हणाली असती हे कुणालाच कळायचा मार्ग नव्हता, आणि ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह नेमकं त्यासाठीच असतं, म्हणजे मुद्दा दोन्हीकडून धारदार होता. त्यावर एक तास पाहिजे होता, मिळाली सात मिनिटं, कारण जेवण गार होत होतं.

आता माझी तक्रार. कायद्याचं सेशन सरांनी चांगलं घेतलं. ९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कॉमन कॉज केसमध्ये ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह मान्य केलं, पण तेव्हा कागदावर ज्युडिशियल मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळं कुणी त्या वाटेला जाईना. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानंच ते सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरे. उपचार थांबवायचे का ह्यावर मत देणाऱ्या हॉस्पिटलच्या पहिल्या मेडिकल बोर्डात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, आधी ती अट २० वर्षांची होती, आणि शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. पुढं ३० जानेवारी २०२५ ला आपल्या कर्नाटकच्या आरोग्य खात्यानं त्याचा आदेश पण काढला. शेजारी गोव्यात हायकोर्टाच्या न्यायमूर्ती सोनकांनी २०२४ मध्ये स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं, बेळगावातनं गोवा किती लांब.

हे सगळं ऐकून तासाभरानं पोस्ट-टेस्ट. तोच सकाळचा, म्हणजे आदल्या दिवशीचा कागद, तेच २० प्रश्न, त्याच क्रमानं. इथंच अर्धा हॉल हसायला लागला. प्रश्न १४: ॲडव्हान्स डायरेक्टिव्हवर कुणाची सही आवश्यक? मी नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर लिहिलं. चूक धरलं. त्यांच्या उत्तरपत्रिकेत अजून मॅजिस्ट्रेट. मी उठून गेले, तिथला पोरगा म्हणाला, "मॅडम, १९ पडलेत की तुम्हाला, फर्स्टात हायसा." मी म्हटलं बाळा मार्काचं नाही, ज्यांनी मॅजिस्ट्रेट लिहिलंय त्यांना तुम्ही बरोबर दिलंय, ते आता गावात जाऊन तेच सांगणार. तो म्हणाला की आन्सर की हेड ऑफिसातनं आलीय. सर तोपर्यंत रेल्वे गाठायला गेलेले.

म्हणजे ज्या चुका आम्हाला दोन दिवस शोधायला लावल्या त्या सगळ्या ह्यांच्याच टेस्टमध्ये: तोच कागद, तेच तपासणारे, कंट्रोल नाही, आणि वर उत्तरच जुनं. उत्तर जुनं असलं की जास्त मार्क म्हणजे जास्त चुकीचं शिकलेला माणूस, हे मात्र आमच्या कुणाच्याच चेकलिस्टवर पेन्सिलनं लिहिलेलं नव्हतं. मी आता लिहून ठेवलंय.

तिसऱ्या पायरीचं, म्हणजे केलं का ह्याचं, माझ्यापुरतं सांगते कारण त्यांनी काही विचारलं नाही. घरी गेल्यावर महिनाभरानं आप्पांना विचारलं. ७४ वर्षांचे, भाताचं शेत अजून स्वतः बघतात. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, नळ्या लावून ठिऊ नका, घरी आणा, आणि तुझ्या दादाला विचारू नका, तो रडत बसतोय. लिहिलं मराठीत, कारण सही करणाऱ्याला वाचता यायला पाहिजे, आणि इंग्लिशमध्ये एक प्रत, कारण उद्या कॅज्युअल्टीत बसलेला डॉक्टर कुठला असेल काय सांगता येतंय. कोर्टाजवळ एका नोटरीकडं गेलो, दोन साक्षीदार घेऊन. त्यांनी कागद उलटसुलट बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "उतारा आणलाय काय?" मला खानापूरच्या सिस्टर आठवल्या. मोबाईलवर २०२३ ची ऑर्डर दाखवल्यावर सही झाली, पण दुसऱ्या फेरीत. दादा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी, आता बोलतोय. एक प्रत ट्रंकेत, एक फॅमिली डॉक्टरांकडं.

आणि आयसीयूत, आता ॲडमिशनच्या वेळी पेशंट बोलत असला तर मी एक प्रश्न विचारते, तुमच्या वतीनं कुणाशी बोलायचं आम्ही? बस एवढाच. फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते. सगळे सांगतातच असं नाही, एका आजींनी मला हाकलून पण लावलं.

परवा पुढच्या बॅचचं पोस्टर व्हॉट्सॲपवर आलंय. वरती मोठ्या अक्षरात, मागच्या वर्कशॉपमध्ये सहभागींचं ज्ञान सरासरी ८ वरून १७. मी फोन करून विचारलं की प्रश्न १४ दुरुस्त केलात का, आणि तीन महिन्यांनी आम्हाला कुणाला फोन करून काय केलं ते विचारणार का. समोरून म्हणाले, "मॅडम, तुम्ही फीडबॅकमध्ये एक्सलंटवर टिक मारलाय न्हवं?" मारलाय, खरं आहे, कुंदा खाऊन झाल्यावर मारला होता.

फी आता १८०० केलीय. तेच सर येणार असतील तर जा, पहिल्या दिवशी जेवायच्या वेळेला पोचलात तरी चालतंय. चष्मा न्या, झेरॉक्सची अक्षरं बारीक आहेत. आणि प्रश्न १४ ला नोटरी लिहा, मार्क कापला तर कापू द्या.